डाव्या हाताचा क्लच

बाबा, गाडी अजून चालते. तुम्ही असतात तर दारातून आत येता येता आधी हेच विचारलं असतंत, माझी तब्येत आणि नातवाची नोकरी त्यानंतर, म्हणून तेच पहिल्यांदा सांगून टाकते. परवा सकाळी बाहेर काढली. चोक ओढल्यावर दोनदा कुरकुरली, तिसऱ्यांदा सुरू झाली. सासऱ्यांना पत्र लिहायची वेळ माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं. तुम्ही होतात तेव्हा आपण एकमेकांना एक ओळ लिहिली नाही. एका घरात राहणाऱ्यांना पत्र कशाला लागतं. पण गेले काही दिवस एक गोष्ट मनात घोळते आहे, आणि ती तुम्हालाच सांगण्यासारखी आहे.

सुरुवात तुमच्या दारापासून करावी लागेल. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझे वडील कल्याणहून तुम्हाला भेटायला ठाण्याला, नौपाड्यात आले होते. अण्णा रेल्वेच्या शेडमध्ये फिटर. त्या दिवशी सुट्टी घेऊन, इस्त्रीचा सदरा घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन आले. तुम्ही दार उघडलंत आणि उंबऱ्यातच उभे राहिलात. आम्ही बौद्ध आहोत हे तुम्हाला मुलाकडून कळलेलं होतं. तुम्ही आवाज चढवला नाहीत, वावगा शब्द वापरला नाहीत. “मुलगा सज्ञान आहे, त्याला करायचं ते तो करेल. माझ्याशी बोलण्यासारखं काही नाही,” इतकंच म्हणालात. अण्णांनी घरी येऊन पुडा आईच्या हातात दिला आणि सांगितलं, “घरात बोलावलं नाही.” पुढे त्यांनी त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. आमचं लग्न रजिस्टर झालं, तुम्ही आला नाहीत. आम्ही डोंबिवलीत एक खोली भाड्यानं घेतली, मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढत राहिले, आणि पाच-सहा वर्षं तुमचा आमचा काही संबंध राहिला नाही. सासूबाई मात्र सणावाराला चोरून डबा पाठवायच्या.

मग सासूबाई गेल्या, आणि त्याच वर्षी साखरेनं तुमचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. तुमचा मुलगा एकुलता एक. तो म्हणाला, “आपल्याला ठाण्याला जावं लागेल.” मी हो म्हटलं. मोठेपणानं म्हटलं असं नाही. दुसरं काय म्हणता आलं असतं? नातू तेव्हा तीन वर्षांचा होता. आम्ही सामान घेऊन आलो तेव्हा तुम्ही खिडकीपाशी बसला होतात. मला म्हणालात, “दूधवाला साडेसहाला येतो.” सून घरात आल्यावर तुम्ही बोललेलं ते पहिलं वाक्य.

गाडी मी तेव्हाच पाहिली. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली. दोनच सीटची, कापडी टपाची, लांब नाकाची विलायती गाडी. कंपनीतला एक इंग्रज साहेब मायदेशी परत जाताना तुम्ही ती घेतली होतीत, तुमच्या लग्नाच्याही आधी. कारखान्याच्या टूलरूममध्ये मापं तपासणारा एक माणूस स्पोर्ट्स कार घेऊन कामाला येतो म्हणून लोक हसायचे, हे तुमच्या मुलानं मला सांगितलं होतं. तो लहानपणी सासूबाईंच्या मांडीवर बसून तिच्यातून फिरला होता. आता उंदरांनी टप खाल्ला होता, दारांच्या खालच्या कडा गंजून बिस्किटासारख्या झाल्या होत्या, चारही चाकं बसलेली. पायाची जखम चिघळायला लागल्यापासून, दोन-तीन वर्षं, गाडी उभीच होती; पाय गेल्यावर तुम्ही किल्ली कपाटात ठेवलीत आणि शेडकडे जाणं बंद केलंत. लाकडी पाय बसवून घेतला होता, पण त्या पायाला क्लच कळत नाही, म्हणायचात.

पुढच्या वर्षी तुमच्या मुलानं भंगारवाल्याला बोलावलं. त्याचंही चुकलं नव्हतं. शेडमध्ये पावसाचं पाणी शिरत होतं, घरात जागा नव्हती. भंगारवाला बॉनेटवर थाप मारून बघत होता, तुम्ही खिडकीतून पाहत होतात. मला काय झालं कोण जाणे. मी बाहेर जाऊन म्हटलं, “गाडी विकायची नाही. दुरुस्त करायची आहे.” तुमचा मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. “कोण करणार?” “बाबा सांगतील, मी करेन.” तुम्ही खिडकी लावून घेतलीत. पण पुढच्या रविवारी मी ताडपत्री काढली, तेव्हा कुबडीचा आवाज आला आणि तुम्ही स्टूल घेऊन बसलात.

दीड वर्षाचे रविवार. अजून मला ते वेगळे वेगळे आठवतात. मी जमिनीवर पोतं टाकून आडवी झाले आहे, वरून मातीचे खपले तोंडावर पडताहेत, आणि तुमचा आवाज येतो आहे: “घाई नको. आधी रॉकेल लाव, मग चहा पी, मग फिरव.” एकदा मी हाताला लागला तो पाना लावला आणि नटाची सगळी टोकं घासून टाकली. तुम्ही वाकून पाहिलंत. “ही इंची मापं आहेत. हत्यार उचलायच्या आधी नट बघायचा असतो. ऑफिसात नकाशा न बघता रेघ मारतेस का?” मला इतका राग आला की मी आत जाऊन भाजी चिरत बसले. अर्ध्या तासानं तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात आलात. हातात कॅनव्हासची गुंडाळी, तिच्यात मापाप्रमाणे लावलेले तुमचे जुने पाने. “हे आता तू वापर,” म्हणालात आणि ओट्यावर ठेवून गेलात. चूक तुमची की माझी, याबद्दल काही बोलणं झालं नाही. तुमच्याकडून कुठल्याच चुकीबद्दल कधी झालं नाही.

दारांच्या कडा कापून नवा पत्रा डेंटरकडून लावून घेतला. टप मी घरच्या शिलाई मशीनवर शिवला, तीन सुया मोडल्या. इंजिन ज्या दिवशी बोललं, त्या दिवशी तुम्ही स्टुलावरून उठलात, बॉनेटला हात लावून उभे राहिलात, आणि मग म्हणालात, “चला. आता तुझा नवरा चालवेल.” तुमच्या मुलाला गाडीत रस नव्हता हे तुम्हालाही ठाऊक होतं. मी म्हटलं, “तुम्ही चालवा. क्लच हातानं दाबता येईल असं काहीतरी करू.” तुम्ही चिडलात. इतकी वर्षं या गाडीत एक स्क्रू बाहेरचा लावला नाही, आता तिला अपंगाची गाडी करायची नाही, म्हणालात. आठवडाभर माझ्याशी बोलला नाहीत. मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत नकाशा काढला. सीट आणि गिअरच्या मध्ये एक उभा दांडा, तो मागे ओढला की क्लचचं पेडल दाबलं जाईल. पण हात एक आणि कामं दोन: क्लच दाबून ठेवायचा आणि त्याच हातानं गिअर बदलायचा. म्हणून दांड्याला हँडब्रेकसारखा खटका. ओढला की धरून ठेवेल. गिअर टाकून वरची गुंडी दाबली की सोडेल, पण झटक्यानं नाही, हाताच्या मर्जीनं. सगळं त्या खटक्यावर होतं. नकाशा मी तुमच्या ताटाशेजारी ठेवला. तुम्ही जेवण होईपर्यंत त्याच्याकडे पाहिलं नाहीत. हात धुऊन आलात, चष्मा लावलात, आणि पेन्सिलीनं एक माप बदललंत.

असा खटका कानशीनं घासून करणारा हात मला एकच माहीत होता. मी कल्याणला गेले. अण्णा नुकतेच निवृत्त झाले होते, विठ्ठलवाडीच्या बाजूला दोन खोल्या घेतल्या होत्या, मागच्या पडवीत लोखंड धरायचा त्यांचा व्हाइस होता. नकाशा बघून ते म्हणाले, “कुणासाठी आहे?” मी म्हटलं, “ऑफिसातल्या एका साहेबांसाठी. पाय नाही त्यांना.” त्या घरात तुमचं नाव निघत नसे, त्यामुळे तुमचा पाय गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. “बिचारा,” अण्णा म्हणाले, आणि कामाला लागले. त्यांना तीन आठवडे लागले. दोन खटके मोडीत काढले, तिसरा दिला.

तो तुम्ही हातात घेतलात ती दुपार मला आत्ता समोर दिसते. तुम्ही बसला आहात, खटक्याच्या दातांवरून अंगठा फिरवताय, उजेडाकडे धरताय. आयुष्यभर दुसऱ्यांचं काम तपासलेला माणूस. “लेथवर नाही केलेलं,” तुम्ही म्हणालात. “हातानं घासलंय. कुणाचं काम आहे?”

“माझ्या वडिलांचं.”

तुम्ही खटका पुन्हा एकदा उलटून पाहिलात. मग विचारलंत, “माझ्यासाठी आहे हे त्यांना माहीत होतं?”

मी म्हटलं, “हो.”

तुम्ही खटका रुमालावर ठेवलात. संध्याकाळी आपण दांडा बसवायला घेतला. गाडीत नवं भोक पाडायचं नाही हा तुमचा हट्ट, म्हणून मी तो सीटच्या जुन्याच बोल्टांवर पट्टीनं आवळला होता. तुम्ही जोरानं ओढलात की पट्टी सरकायची. तीनदा आवळून झाली. चौथ्यांदा तुम्हीच म्हणालात, “ड्रिल आण. पाड भोक.” मी विचारलं, नक्की ना. “नक्की. इतकं चांगलं काम डुगडुगतं बरं दिसत नाही.”

मग आपण शेडसमोरच्या गल्लीत पुढे-मागे करत राहिलो. पहिल्या दिवशी गाडी बेडकासारखी उड्या मारायची. पंधरा-वीस दिवसांत तुमचा हात बसला. आणि एका रविवारी, मी डाळ शिजत लावलेली असताना, तुम्ही दाढी करून पांढरा शर्ट घालून आलात. “गॅस बंद कर. कल्याणला जायचंय.” मला वाटलं गाडी लांब पळवून बघायची असेल. कळव्याच्या पुलावर आल्यावर तुम्ही म्हणालात, “तुझ्या वडिलांच्या घरचा रस्ता तू सांग.” मुंब्रा गेलं, शीळफाटा गेला, डोंबिवली मागे पडली. गाडी थांबवा, डाळ तशीच राहिली आहे, असं म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही. वळणं सांगत गेले.

अण्णा ओसरीत पेपर वाचत होते. गाडी थांबली, पोरं जमली, तुम्ही कुबडी टेकत उतरलात. अण्णांनी तुम्हाला ओळखलं. ते उठले नाहीत. तुम्ही पायरीखाली उभे राहिलात आणि म्हणालात, “मी तुमचे आभार मानायला आलो. तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत. तुमच्या जागी मी असतो तर केलं नसतं.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग उघड्या गाडीतल्या दांड्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर सगळं कळल्याचं मला दिसलं. मी खाली बघितलं. बाबा, त्या क्षणी ते म्हणू शकले असते की मला ठाऊक नव्हतं, हिनं खोटं सांगितलं. तसा त्यांचा हक्क होता. ते उठले आणि म्हणाले, “खटका नीट धरतो का? मला शेवटच्या दाताची शंका होती. या, आत या आधी.”

तुम्ही आत गेलात. आईनं पाणी दिलं, तुम्ही घेतलंत. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली खुर्चीवर बसलात. स्वयंपाकघरात आई आधणात साखर टाकत होती. “इतक्या वर्षांनी आले आणि लग्नाबद्दल एक शब्द नाही,” मी पुटपुटले. आई म्हणाली, “तू माफ करायची घाई करू नकोस. कुणी सांगितलंय? पण कप घेऊन जा, चहा गार होतोय.” बाहेर तुम्ही दोघं गाडीत वाकून त्या शेवटच्या दाताबद्दल बोलत होतात. चहा गार झालाच.

निघताना अण्णांनी मला बाजूला घेतलं. “मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं,” ते म्हणाले. मी म्हटलं, “म्हणूनच विचारलं नाही.” त्यावर ते रागावले नाहीत, हसलेही नाहीत. “त्यांना सांगायचं की नाही ते तू बघ. मी सांगणार नाही.” आणि त्यांनी सांगितलं नाही, शेवटपर्यंत.

त्यानंतर तुम्ही चार वर्षं होतात. महिन्यातून एखादा रविवार कल्याणला जायचात, अण्णांशी हत्यारांबद्दल बोलत बसायचात. लायसन्सचा फॉर्म आणून तुम्हीच माझ्यासमोर ठेवलात, आणि आंबिवलीच्या रिकाम्या रस्त्यावर मला गाडी शिकवलीत. तिथेच एकदा तुम्ही म्हणालात, “तुझा बाप माझ्यापेक्षा मोठा माणूस आहे. कुणासाठी आहे हे माहीत असून त्यानं ते काम केलं.” मी तोंड उघडलं होतं. तुम्ही म्हणालात, “समोर बघ, बैलगाडी आहे,” आणि मी समोर बघितलं. बैलगाडी गेली. पुढचा रस्ता चांगला लांब, सरळ आणि रिकामा होता.

तुम्ही गेल्यावर तुमचा मुलगा कुणाकुणाला सांगायचा, अण्णांनी किती मोठं मन दाखवलं. मी मान हलवायची. हे पत्र मी त्याला दाखवणार नाही. अण्णाही आता नाहीत, त्यामुळे खरं काय ते फक्त मला माहीत आहे. त्यांचं मोठेपण खरं होतं, बाबा, पण ते पडवीत कानस चालवताना नव्हतं. ते तुम्हाला आत बोलावताना होतं, आणि तुम्ही ते पाहिलंत पण तुम्हाला ओळखता आलं नाही, कारण मी येऊ दिलं नाही. इतकी वर्षं मी स्वतःला म्हणत आले की तुम्हाला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं नाही. मी सांगितलं नाही. खरं कळलं असतं तर तुम्ही पुन्हा कल्याणला गेला असतात की नाही, याची मला खात्री नव्हती, आणि अजूनही नाही.