ओल्या धानानं उसवलेले बूट

धानोरा, सोमवार, संध्याकाळ

आज माह्या हातानं पोरीचं नुकसान झालं. सुषमाले फळीवर उभं राहून बरफावरून घसरायच्या शिबिरात निवडलं होतं. तिच्या सरनं बूट आधीच देल्ले, घरी घालून सवय कर म्हणे. बूट कसले, लाकडाचे ठोकळे. तिच्या घोट्याले फोड आले.

मी म्हटलं, "काढ ते, नरम करून देते."

"राहू दे आई. घालून घालूनच पायाचा आकार घेतेत ते."

मले कुठी धीर. माहा बाप नव्या चामड्याच्या जोड्यात ओले धान भरून ठेवे, धान फुगले का जोडा सैल होये. ती शाळेत गेल्यावर मी तसंच केलं. पण हे चामडं नोहोतं. धान फुगले अन् शिवण उसवली, आतली गादी फाटली. निघायचं परवा. काऊन हात लावला मी?

सुषमा भांडली असती तर बरं होतं. तिनं बुटातले धान कोंबड्यांपुढं ओतले अन् सरले फोन लावला.

"सर, मले बरफाची भीती वाटते. मी नाई येत."

भीती म्हणे. मोहफुलं वेचायले अंधारात एकटी जंगलात जाते ती. माहं नाव घेतलं नाई तिनं.