तुझ्या भावोजींचं ‘छान’ आणि तू पाठवलेलं यंत्र

चि. बारक्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. तू खुशाल असशीलच. खुशाल असल्याशिवाय माणूस दुसऱ्याच्या घरी असलं यंत्र पाठवून स्वतः नामानिराळा राहत नाही. तुझ्या बायकोची कंबर आता कशी आहे? तिला म्हणावं, वजन उचलू नकोस, आणि नवऱ्याचे सल्ले तर मुळीच उचलू नकोस. (मी उचलले. ती कहाणी पुढे येतेच आहे.) पोरांच्या परीक्षा आटोपल्या असतील. इकडे माझी तब्येत बरी आहे. तुझ्या भावोजींची तर उत्तम आहे. रक्तदाब माझा वाढतो आणि गाढ झोप त्यांना लागते, अशी आमच्या संसारात पहिल्यापासून वाटणी आहे.

आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला तुझा तो खोका आला, तेव्हाच मी तो आल्या पावली परत पाठवणार होते. आमचं स्वयंपाकघर तू पाहिलं आहेस. ओट्यावर एक पातेलं ठेवायचं तर दुसरं उचलावं लागतं. तिथे हे एस्प्रेसो कॉफीचं धूड ठेवायचं कुठे? शेवटी पावाचा डबा फ्रीजवर चढवला, आणि तेव्हापासून आमच्या घरात पाव हवा असेल तर स्टुलावर चढावं लागतं. बरं, माहितीपुस्तिका म्हणावी तर त्यात नुसती चित्रं. एक हात, एक बाण आणि एक हसरा कप. पहिल्या दिवशी मी त्या हँडलमध्ये पावडर गच्च भरली, हँडल बसलं असं समजून बटण दाबलं, आणि ते बसलेलं नव्हतं. हँडल खाली आलं आणि गरम चोथा वर गेला. छतावरचा डाग अजून आहे. हे आवाजाने धावत आले, छताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कपाच्या तळाशी जे चार थेंब पडले होते ते प्याले आणि म्हणाले, छान! तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पण बाई गरम चोथ्याने माखलेली असताना कुणी छान म्हटलं तर ती विश्वास ठेवते रे.

मग सुरू झाले तुझे फोन. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मला त्या दिवसांत कळलं. पावडर जाड असेल तर पाणी भसकन निघून जातं आणि कॉफी आंबट होते, बारीक असेल तर पाणी अडतं आणि कॉफी कडू होते, एका वेळी एकच गोष्ट बदल, घाई करू नकोस, आणि चाखायला दुसरं माणूस घे कारण आपली जीभ लवकर थकते. हे सगळं तू सांगितलंस आणि मी निमूटपणे केलं. बियांचं दळण जाड केलं, हे म्हणाले छान. बारीक केलं, छान. आणखी बारीक केलं, तेव्हा यंत्र कण्हायला लागलं आणि कपात डांबरासारखं काहीतरी ठिबकलं. तेही छान! आता तूच सांग, जाडही छान आणि बारीकही छान, तर दळणीचा खटका फिरवायचा कुठल्या बाजूला? माझ्या जिभेला तर तोवर सकाळ की संध्याकाळ हेसुद्धा कळेनासं झालं होतं. तासभर वाट चुकलेल्या माणसाने रस्ता विचारावा आणि समोरच्याने ‘कुठूनही जा, छानच आहे’ म्हणावं, तशी गत!

आणि हा माणूस कोण? तर लिफ्टचा इन्स्पेक्टर! तुला त्यांच्या नोकरीतलं फारसं ठाऊक नाही. अख्ख्या शहरात यांच्यासारखा खडूस इन्स्पेक्टर नाही. लिफ्टमध्ये उभं राहून डोळे मिटतात, कुठेतरी बारीकसा कुरकुर आवाज येतो, तो बाकी कुणालाही ऐकू येत नाही, आणि हे बाहेर येऊन दाराला कुलूप घालतात. त्या इमारतीतले लोक मग सामान घेऊन जिने चढतात आणि प्रत्येक मजल्यावर यांचा उद्धार करतात. (एका गरोदर बाईने तर मला रस्त्यात गाठून सुनावलं होतं.) मालक गयावया करतात, वरून फोन येतात, हे ढिम्म हलत नाहीत. एक स्क्रू सैल असेल तर सैल म्हणायचं, असा यांचा बाणा. आणि घरी? घरी आल्यावर दारात चपला काढतात तसा तो बाणाही काढून ठेवतात. घरी सगळं पास!

शेवटी मी एक दिवस केलं ते केलं. कॉफी काढली आणि तिच्यात चमचाभर मीठ ढवळलं. चिमूटभर नव्हे, चमचाभर, सपाट. समोर बसले आणि तोंडाकडे बघत राहिले. यांनी घोट घेतला. भुवई किंचित हलली. घोट गिळला. आणि म्हणाले, छान, आज जरा वेगळी झालीय.

बारक्या, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॉफी गेली खड्ड्यात, पण मला एकदम सगळा संसार दिसला. या माणसाने माझ्या हातच्या सुपाला छान म्हटलं, मी शिवलेल्या पडद्यांना छान म्हटलं, मी केस कापून आले तेव्हा छान म्हटलं, आणि लग्नाआधी मला पहिल्यांदा भेटून गेल्यावर यांच्या आईने विचारलं होतं, कशी वाटली मुलगी, तेव्हासुद्धा हे म्हणाले होते, छान! तो एक शब्द मी इतकी वर्षं उराशी धरून बसले आहे. तुला सांगायला काय, माझ्या शिवणाच्या दुकानात एखादा दिवस वाईट गेला की मी तो शब्द काढून बघते. आणि आता कळतंय की तेच छान मिठाच्या कॉफीलाही मिळतं. मग मी कोण? मी पास झाले होते की मीही नुसतीच खपवून घेतलेली? हे मी त्यांना विचारलं. ओरडूनच विचारलं, लपवत नाही. तर म्हणाले, अगं तू इतक्या हौसेने करतेस, मग दुसरं काय म्हणणार? मी म्हटलं, हौस तपासायला मी कुणाला बोलावलं नव्हतं. आजपासून या घरात जे असेल ते खरं बोलायचं. इन्स्पेक्टर आहात ना? मग करा इन्स्पेक्शन!

(खोटं बोलणाऱ्या माणसांची मला लहानपणापासूनच चीड आहे, हे तू जाणतोस. आता दुकानात गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की मी ‘वा, काय बसलंय!’ म्हणते, पण तो धंदा आहे. त्याची यात सरमिसळ करू नकोस.)

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी घोट घेतला, डोळे मिटले, अगदी लिफ्टमध्ये मिटतात तसे, आणि म्हणाले, नापास. पुढे म्हणाले, आंबटही आहे आणि कडूही, म्हणजे दळण बाजूला ठेव, गडबड दुसरीकडे आहे. मग उठून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, करून दाखव. मी दाखवलं. पावडर भरली आणि नेहमीप्रमाणे माझं दोऱ्याचं मोठं लाकडी रीळ घेऊन वरून दाबली. हे म्हणाले, हे काय? मी म्हटलं, रीळ. वर्षानुवर्षं हाताशी आहे, मापात बसतं, चांगलं वजनदार आहे. यांनी रीळ उलटं करून माझ्यासमोर धरलं. रिळाच्या मधोमध भोक असतं रे बारक्या. चारी बाजूंनी पावडर दाबली जायची आणि मध्ये तेवढीच भुसभुशीत राहायची. पाणी कशाला कष्ट घेईल? सरळ मधूनच पळायचं. यांनी विचारलं, खोक्यात दाबायला काही दिलं नव्हतं का? तेव्हा आठवलं. ते लोखंडी, बुटकं, मुठीचं काहीतरी होतं, ते तू पेपरवेट म्हणून भेट दिलंस असं समजून मी कापायच्या टेबलावर कागदी नमुने उडू नयेत म्हणून ठेवलं होतं. फार उपयोगी आहे. आता मला सांग, इतकं फोनवर ज्ञान पाजळलंस, तेव्हा एवढं एक वाक्य बोलायला तुझी जीभ झडली होती का, की ताई, तो दट्ट्या आहे?

इथपर्यंत मी चूक मान्य केली. (चूक तुझी. ती तुझी आहे असं मी मान्य केलं.) पण एकदा खरं बोलायला परवानगी मिळाल्यावर हा माणूस थांबेचना! कॉफी झाली, मग सूप पातळ निघालं. मग पडदे डाव्या बाजूला वर निघाले, आणि ते लावल्या दिवसापासून वर आहेत असंही कळलं. मी फोनवर गरजेपेक्षा मोठ्याने बोलते. माझा तो दंतवैद्याचा विनोद लोक पहिल्या वेळी हसले होते, त्यानंतर नाही. मी म्हटलं, भीक नको पण कुत्रं आवर! पण कुत्रं मीच सोडलेलं, कुणाला सांगणार?

आणि परवा तर कहर झाला. दुकानात एक वकीलबाई मी शिवलेला कोट घालून बघत होत्या. माझं ‘वा, काय बसलाय!’ म्हणून झालं होतं, त्या पर्स उघडत होत्या. इतक्यात हे आत कप विसळून पुढे दुकानात आले, बघितलं आणि म्हणाले, उजव्या खांद्याला झोळ आहे. मला वाटलं, आता मला धरणी पोटात घेईल तर बरं. वकीलबाईंनी आरशात पाहिलं. झोळ होता. मी खांदा उसवला आणि पुन्हा बसवला. त्या खूश होऊन गेल्या, मग तुझा राग कशाला, असं तू म्हणशील. सांगते कशाला. काल त्या आणखी दोन मैत्रिणींना घेऊन आल्या. तिघी आरशासमोर उभ्या राहिल्या, मी तोंड उघडलं, तर वकीलबाई माझ्याकडे बघायच्याऐवजी आतल्या दाराकडे बघून विचारतात, साहेब आहेत का घरात? दुकान माझं, सुया मला टोचल्या, डोळे माझे गेले, आणि मत साहेबांचं! कानामागून आला आणि तिखट झाला.

तेव्हा मुद्द्याचं लिहिते. या सगळ्याच्या मुळाशी तू आहेस. तुझं यंत्र तू येऊन घेऊन जा. पावाचा डबा मला पुन्हा खाली हवा आहे आणि माझं घर मला पूर्वीसारखं हवं आहे. गाडी घेऊनच ये, ते जड आहे. तुझ्या बायकोला बरोबर आणू नकोस, ती उचलायला जाईल. पोरांना गोड पापा.

तुझी,
संतापलेली ताई

ता. क. दट्ट्या मात्र परत मिळणार नाही. नमुने उडतात.

ता. क. दुसरा. घरात खरं बोलणं सुरू असल्यामुळे तुझाही विषय निघाला. भावोजींच्या मते तू बासरी वाजवतोस ती ऐकताना त्यांना तेल न घातलेल्या लिफ्टची आठवण होते. मी तुझी बाजू घेतली. घ्यायचा प्रयत्न केला.

ता. क. तिसरा, आणि खरं म्हणजे याच्यासाठीच पत्र लिहायला बसले होते. यंत्राचं जाऊ दे, राहू दे इथे. तू फक्त यांना एक फोन कर. मी सांगितलं असं कळू देऊ नकोस. सहज बोलता बोलता म्हण की भावोजी, ताईला अधूनमधून छान म्हणत जा. कॉफीला नको, कॉफीचं खरंच सांगावं. सुपाचंही खरं सांगितलं तरी चालेल. पण त्यांच्या आईने विचारलं होतं त्या वेळचं छान तरी खरं होतं का, एवढं काढून घे. मला विचारवत नाही. हल्ली ते खरं सांगतात.

ता. क. चौथा. पाकीट चिकटवायचं राहिलं म्हणून बरं झालं. आज सकाळी दट्ट्याने नीट दाबून कॉफी काढली. यांनी डोळे मिटून घोट घेतला. मी जीव मुठीत धरून उभी. पास नाही, नापास नाही. कप रिकामा केला, माझ्यापुढे धरला आणि विचारलं, अजून आहे? बारक्या, मी ओट्याला टेकून आठवत बसले. इतकी वर्षं या माणसाने माझ्या हातच्या झाडून सगळ्या गोष्टींना छान म्हटलं, पण अजून आहे का, असं आजवर एकदाही विचारलं नव्हतं. मग आठवलं. एकदा विचारलं होतं. मला भेटायला आले होते त्या पहिल्या दिवशी, तासभर बसून निघाले, दारापर्यंत गेले, आणि परत येऊन म्हणाले, अजून थोडा वेळ बसलो तर चालेल का?

दुसरा कप गडबडीत कडू झाला. तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि संपवला. तेव्हा तू फोन करू नकोस. कॉफीच्या बिया संपत आल्या आहेत, त्या पाठव.