सरांची शब्दांची यादी

४ ऑगस्ट
भंडारा. क्लासला परत. धाकट्या भावाला, बाळूला, जाऊन अठरा दिवस. सरांनी इंग्रजीतले 'एका शब्दात सांगा' घेतले. बापाला मारणं पॅट्रिसाइड, आईला मॅट्रिसाइड, बायकोला अक्सोरिसाइड. "साइड म्हणजे मारणे. पुढे नातं जोडा, मार्क घ्या!" सगळे हसले. भावाला मारणं फ्रॅट्रिसाइड, हे लिहिल्यावर सरांना आठवलं. माझ्याकडे पाहिलं, घाईनं फळा पुसला. तोवर मी उतरवून घेतलं होतं. माझ्याच हाताची किळस आली.

७ ऑगस्ट
शब्द किती स्वच्छ! लॅटिन म्हणे. त्यात चिखल नाही, फावडं नाही. बाळूनं दोघांच्या शेतांमधला धुरा, मातीचा बांध, फोडून आपल्या धानाच्या बांधीत पाणी घेतलं, एवढ्यावरून थोरल्या दादानं त्याच्या डोक्यात... मी डबा घेऊन येत होते. वीस पावलांवर. पोलिसांना मात्र म्हणाले, काही दिसलं नाही. आईनं माझा दंड घट्ट धरला होता.

१० ऑगस्ट
टेस्ट. तोच शब्द आला. उत्तर बरोबर. एक मार्क. 

१५ ऑगस्ट
पवनीच्या बसनं गावी. बाळूच्या बांधीतली धानाची रोवणी दादाच्या सासरच्यांनी उरकली. उपकार नाहीत, धुरा हातभर बाळूकडे सरकवलाय. सगळ्या गावाला दिसतं, बोलत कोणी नाही. थू!
जेवताना आई म्हणाली, "पाय घसरला, फावड्यावर पडला म्हण. दादा सुटते."
"अन् बाळू?"
"तो त गेला ना, माय. दुसऱ्याले कायले घालवून राहिली?"
मी ताट सरकवलं. तिचा राग येतो. तिचं रडणं ऐकवत नाही. दोन्ही खरं.

२१ ऑगस्ट
पोलीस ठाण्यात पुन्हा बोलावलं. आई सोबत आलीच.
"मयताची कोण?"
"बहीण."
"आरोपीची?"
"बहीण."
साहेबांनी दोन्ही लिहिलं. काय पाहिलं विचारलं. मी म्हटलं, आधी आईला बाहेर बसवा. आई उठेना. "मी नाही जात," एवढंच. साहेबांनी पेन ठेवलं. उद्या अकराला एकटी या, म्हणाले.
परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती. आई मागे जाऊन बसली.