कामचुकारांचा बंदोबस्त

२ जून, सोमवार, सकाळी ११.४०
ऑफिसात पोचलो. साहेबांनी लगेच केबिनमध्ये बोलावलं. होड्यांचे परवाने देणाऱ्या आमच्या या ऑफिसातल्या एकाला गुणवंत कर्मचारी पुरस्कार द्यायचा, एकाला नोटीस. अधीक्षक म्हणून दोन्ही नावं मी सुचवायची. लायक माणूस ओळखणारा साहेब शेवटी भेटला! संकल्प: दयामाया बंद.

४ जून
निरीक्षण सुरू. काय एकेक नग भरलेत! क्लार्क मालन भाटकर जागेवर कधीच नसते. विचारलं तर म्हणाली, बुरोंडीहून आलेल्या म्हाताऱ्यांना जिना चढवत नाही, खाली जाऊन अर्ज भरून घेते. नाटकं! सरकारने खुर्ची कशाला दिली आहे? मी दिवसभर सोडली नाही. नोटीस हिलाच.

५ जून
पावणेदहाला हजर राहण्याचा संकल्प. बायकोने फणस कापायला बसवलं. साडेअकरा. कारण रास्त आहे.
मी आल्यावर दुसरा क्लार्क दर्शन एकटाच उठून उभा राहिला. महिन्यात एक फाईल हलवली नसेल, पण वृत्ती बघावी माणसाची. पुरस्कार दर्शनला.

९ जून
मालनला सांगितलं, नोटीस येतेय, वेतनवाढ थांबेल. वाटलं, आता हात जोडेल. तर म्हणाली, द्या काय ती, खाली माणसं ताटकळलीत. निर्लज्ज!

१३ जून
साहेबांचं नवं खूळ. नावं पक्की करण्याआधी म्हणे सोमवारी परवान्यासाठी येणाऱ्या लोकांना विचारणार. मासळी विकणाऱ्यांनी आमची परीक्षा घ्यायची! असो. सोमवारसाठी शर्ट इस्त्रीला दिला.

१६ जून, संध्याकाळ
साहेब खाली लोकांत जाऊन बसले. मला शेजारी बसवलं. जो तो मालनचं नाव घेत होता. शिकवून आणलेत, दुसरं काय?
मग कमळा नावाची कोळीण मला वर-खाली न्याहाळत राहिली. साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, आणि हे? ती म्हणाली, "अगो बाय, हे हितं कामाला आहेत व्हय? वर्षभर वरती खुर्चीत बगतंय, मला वाटला आमच्यासारकेच कोनाची तरी वाट बगत बसलेत!"
सगळे हसले. साहेब हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

१७ जून
पुरस्कार मालनला. नोटीस मला. उद्यापासून खालच्या टेबलावर तिच्या शेजारी बसायचं.
मालनने हळूच विचारलं, परवान्याचा अर्ज भरता येतो ना, भाऊसाहेब?
म्हटलं, म्हणजे काय!
येत नाही.