मुंबईला का नाही गेलात?

प्रिय सुगत,

तुमचं नाव असं समोरून कधी घेतलं नाही. सगळा संसार 'अहो'वरच निघाला. आता अहो म्हटलं काय आणि सुगत म्हटलं काय, वळून कोण बघणार आहे?

काल शकीलभाई आले होते. कॉलेजपासून गिटार घेऊन तुमच्या शेजारी उभा राहिलेला हा माणूस काल आपल्या बैठकीत बसला होता आणि माझ्याकडं बघत नव्हता. चहा पिता पिता त्यांनी मुंबईच्या त्या फोनची गोष्ट सांगितली. तीच गोष्ट तुम्ही मला वेगळी सांगितली होती. कोणती खरी, हे ज्याला विचारायचं तोच नाही. म्हणून लिहायला बसलेय.

मी अजून रडलेली नाही. जलदान विधीला बायका पाठीवरून हात फिरवत होत्या, 'रड गं बाई, मोकळी हो' म्हणत होत्या. मला त्यांच्या हातांचं वजन कळत होतं. बाकी काही नाही. मैत्रेयी पुण्याहून रोज फोन करते, 'आई, बरी आहेस ना?' मी म्हणते, बरी आहे. ते खोटं नसतं. जेवते, शाळेत जाते, पोरांच्या वह्या तपासते.

तुम्ही गेलात तेव्हाही मी वर्गावरच होते. फोन तुमच्या मोबाइलवरून आला आणि बोलला भाजीवाला. उस्मानपुऱ्यात मेथी निवडता निवडता साहेब खाली बसले, म्हणाला, आता बोलत नाहीत. मी फळ्यावरचं गणित पूर्ण केलं. मुलांना गृहपाठ दिला. मग हेडसरांना सांगून निघाले. असं कुणी करतं का? तुम्हाला हे सांगितलं असतं तर तुम्ही हसला असतात, आणि मग दिवसभर माझ्या मागं मागं फिरला असतात.

तुमचं स्थळ आलं तो दिवस आठवतो. माझ्या भावानं मध्यस्थाला विचारलं, 'पोरगा करतो काय?'

'वाळूजला कंपनीत ड्राफ्ट्समन आहे. अन् सॅक्सोफोन वाजवतो.'

'म्हणजे बँडवाला?'

'व्हय, पण रॉक बँड. कातळ म्हणून नाव आहे त्यांच्या चौघांच्या बँडचं.'

भावाला काही उमगेना. 'लग्नात वाजवतात का हे?'

तेव्हा तुम्ही पहिल्यांदा तोंड उघडलंत. 'नाय. लग्नात तेवढं वाजवत नाय.'

सगळे हसले, तुम्ही हसला नाहीत. का, ते मला लग्नानंतर तुमच्या गावी, देवगाव रंगारीला गेल्यावर कळलं.

तुमच्या आज्यानं धम्माची दीक्षा घेतली आणि गावाचा बाजा सोडला. दुसऱ्याच्या लग्नात, दुसऱ्याच्या देवापुढं वाजवायचं आणि पंगत उठेपर्यंत लांब उभं राहायचं, हे पिढ्यानपिढ्यांचं काम त्यांनी एका दिवसात बंद केलं. त्यापायी घराला काय काय सोसावं लागलं, कुणी मजुरीला बोलवेना, कुणी पीठ दळून देईना, हे सगळं आबा मला, नव्या सुनेला, ओट्यावर बसून सांगायचे. आणि त्याच आबांचा मुलगा शहरात शिकायला जातो काय, छावणीत मिलिटरी बँडातून रिटायर झालेल्या एका मास्तरांकडं सॅक्सोफोन शिकतो काय.

'आज्यानं सोडलं तेच तुला धरायचं व्हतं व्हय?' आबा विचारायचे.

'आबा, हे वेगळं हाय.'

'काय वेगळं? वाजवणारा उभा, खाणारा बसलेला.'

 पण दर महिन्याला देवगावची गाडी धरायचात. त्यांच्या शेजारी बसायचात, बोलणी खायचात, आणि परत यायचात. मी म्हणायचे, कशाला जाता? तुम्ही म्हणायचात, 'आबांचं बरोबर आहे गं. फक्त माझंही बरोबर आहे.'

त्यांना इथं कार्यक्रमाला आणलं ते मीच. तुम्हाला सांगितलं नव्हतं. नाट्यगृहात मागच्या रांगेत बसवलं. पहिल्या गाण्याच्या दणक्यानं त्यांनी दोन्ही कान झाकले, मला वाटलं आता उठतात. मग ते संथ गाणं आलं. शकीलभाईंनी गिटार खाली घेतली, ड्रम थांबला, आणि तुम्ही एकटेच वाजवत राहिलात. आबांचे हात कानांवरून कधी खाली आले, मला कळलं नाही.

बाहेर आल्यावर ते रिक्षात बसले. मग म्हणाले, 'लोकं गप बसून ऐकत व्हती.'

'हो आबा.'

'कुणी नोट ओवाळली नाय. कुणी हे वाजव, ते वाजव म्हणलं नाय.' थोड्या वेळानं म्हणाले, 'अंगावर कपडे बी सोताचेच व्हते त्याच्या.'

सकाळी तुम्ही दाढी करत होतात तेव्हा त्यांनी तुम्हाला एवढंच सांगितलं: 'दम लई लागत आसंल. दूध पीत जा.' तुम्ही आरशातच मान हलवलीत. गालावरचा साबण वाळला तरी तसेच उभे होतात.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मुंबईहून फोन आला. एका स्टुडिओतून. तुम्ही मला काय सांगितलंत ते शब्द न शब्द आठवतं. 'बोलावणं आहे गं. पण तुझी नोकरी इथली. कसं जायचं?'

मी 'जाऊ नका' म्हणाले होते का? तुम्ही विचारलंच नव्हतं. मी स्वैपाकघरातून बाहेर येऊन म्हणाले, 'तुम्ही जा. मी मैत्रेयीला सांभाळते, सुट्टीत येत जाऊ.' तुम्ही म्हणालात, 'राहू दे. मी नाही म्हणून सांगितलंय.'

मग ती गोष्ट पसरली. तुमच्या बहिणीनं तर तोंडावर सांगितलं, 'सुगतदादाचं नाव झालं असतं. वहिनीच्या नोकरीपायी अडकला.' लग्नात, बारशाला, कुठंही गेलं की कुणीतरी हळहळायचं. मुंबईला असता तर! तुम्ही शेजारी उभे असायचात, ऐकायचात आणि गप्प राहायचात. मला वाटायचं, मनातून खट्टू आहेत म्हणून गप्प आहेत. एखाद्या रविवारी तुम्ही खिडकीशी बसून वाजवायला लागलात की मी आत भांडी घासत विचार करायचे, हा माणूस माझ्यामुळं इथं बसलाय. तुम्हाला हे कधी कळलं नाही? की कळत होतं?

आणि मग तुमचं तोंड गेलं. थंडीचे दिवस, सकाळच्या पाळीला मोटरसायकलवर वाळूजला जायचात. एका सकाळी चूळ भरताना पाणी उजव्या कोपऱ्यातून आपोआप गळायला लागलं. डोळा मिटेना. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस आहे, येईल हळूहळू. डोळा मिटायला लागला, हसू निम्मं परत आलं. पण ओठांची पकड आली नाही. सॅक्सोफोन तोंडाला लावला की हवा बाजूनं फुर्र निघून जायची. तुम्ही पुसून पेटीत ठेवलात आणि पेटी कपाटावर टाकलीत.

शकीलभाई आठवड्याला यायचे. 'क्या बोलते, मास्टर?' विचारायचे. तुम्ही म्हणायचात, 'दुसरा बघ. नांदेडचा तो पोरगा चांगला वाजवतो.' ते म्हणायचे, 'देखेंगे.' पण त्यांनी कुणाला घेतलं नाही. कार्यक्रम येत होते, ते नाही म्हणत होते. मला नवल वाटायचं. इतकी कसली निष्ठा? एका माणसासाठी अख्खा बँड घरी बसतो का?

वर्षभरानं तुम्ही पेटी खाली काढलीत. तोंड वाकडं धरून डाव्या कोपऱ्यातून फुंकायला लागलात. सुरुवातीला काय आवाज यायचा, शेजारचे विचारायचे घरात कुणी आजारी आहे का. महिनोन्‌महिने तेच. मग एका दुपारी मी शाळेतून आले तर जिन्यातच थांबले. आवाज पहिल्यासारखा गोल नव्हता, खरखरीत होता. ऊर भरून आलेला माणूस बोलतो तसा. पुढं लोक तुम्हाला त्याच आवाजासाठी ओळखायला लागले. पुण्याला, नागपूरला बोलावणी आली. मुंबईलाही वाजवून आलात, एका संध्याकाळपुरतं.

आता कालचं. मी सहज म्हणाले, 'भाई, तेव्हा मुंबईला गेले असते तर बरं झालं असतं. माझ्यामुळं राहिलं.'

शकीलभाईंनी कप खाली ठेवला. 'भाभी, आपको किसने बोला?'

'त्यांनीच.'

ते पुढं सरकून बसले. मग म्हणाले, 'भाभी, वो फोन बँड के लिए नहीं था. अकेले सुगत के लिए था. हमको तो पताच नहीं था. सुगत आम्हाला बोललाच नाही. दोन साल बाद स्टुडिओवाला मुझे मिला, तो बोला, तुम्हारा मास्टर बोलता है, चौघं घेणार असाल तर येतो, नाहीतर नाय.' मग त्यांनी चष्मा काढला. 'उसका मुँह गया, तो उसकी जगह किसको खड़ा करता मैं? आप बताओ.'

मी कप उचलले आणि आत गेले.

का नाही सांगितलंत मला? रात्रंदिवस एका घरात होतो. शकीलभाईंना कळलं असतं तर त्यांनी तुम्हाला ढकलून पाठवलं असतं, हे समजतं. आणि मला कळलं असतं तर मी त्यांना सांगितलंच असतं, हेही समजतं. तुम्हाला एक कारण हवं होतं, ज्यावर कुणी वाद घालणार नाही. माझी नोकरी बरी सापडली. तुम्ही तिघांना वाचवलंत आणि बोल मात्र माझ्या पदरात टाकलात. हा हिशेब तुम्हाला कधी टोचला नाही का हो?

राग यायला हवा. येत नाही. अभिमान वाटायला हवा, तोही येत नाही. दोन्ही दाराशी येऊन उभे आहेत आणि मला उठून कडी काढता येत नाही.

आज सकाळी आबांना फोन केला. ऐकू कमी येतं, ओरडून सांगावं लागतं. 'आबा, ते माझ्या नोकरीपायी राहिले नव्हते. दोस्तांना सोडून जायचं नव्हतं त्यांना.'

'आं?' तिकडून आलं. मी पुन्हा ओरडून सांगितलं.

'त्यो सोडणाऱ्यातला नव्हताच, पोरी,' आबा म्हणाले. 'मी इतकं बोललो त्याला. मला तरी कुटं सोडलं त्यानं?' मग म्हणाले, 'आमी तुला उगाच बोल लावला.'

एवढ्या वर्षांत हे मला पहिल्यांदाच कुणी म्हणालं. फोन ठेवून मी कणीक मळायला घेतली. एकटीपुरती घ्यायची असते, ते अजून हाताला कळत नाही.

तुम्हाला एक वचन देते, सुगत. रडेन असं नाही, ते माझ्या हातात नाही. पण इथून पुढं कुणी माझ्यासमोर 'वहिनीपायी अडकला' म्हणालं, तर मी ऐकून घेणार नाही. चार माणसांत, तुमच्या बहिणीसमोर, शकीलभाईंसमोर, खरं काय ते मोठ्यानं सांगेन. तुम्ही जे जन्मभर झाकलंत ते उघडं करेन. तुम्हाला आवडणार नाही, माहीत आहे.

नको वाटत असेल तर अडवायला इथं असायला हवं होतं.

तुमची,
विशाखा