बावीतलं कासव

आई, तुला वाचता येत नव्हतं म्हणूनच बहुधा मला हे लिहायचं धाडस होतंय. तू समोर होतीस तेव्हा वीस वर्षं मी तोंड उघडलं नाही, आणि आता तुला जाऊनही जवळपास तेवढीच वर्षं होत आली. परवा भात वेळला आणि ते गरम पाणी, वेळवणी, सिंकमध्ये ओतताना माझा हात थांबला. मी रत्नागिरीत तिसऱ्या मजल्यावर राहते, खाली जमीन नाही, नुसता पाइप आहे, तरी थांबला. मग आपलं मागचं दार आठवलं. मी सात-आठ वर्षांची आहे, टोप कलता करून कढत पाणी केळीच्या बुंध्याशी भिरकावणार, एवढ्यात तू माझं मनगट पकडतेस. “निवू दे गो आधी. खाली जीव आसतात.” मी विचारते, कुठे आहेत, मला तर दिसत नाहीत. तू टोप काढून घेतेस आणि म्हणतेस, “तुला दिसत नाय म्हणून त्यांना भाजत नाय काय?” एवढंच. पण मी दुपारभर फुरंगटून बसले होते. मला वाटलं, हिला माझ्यापेक्षा मुंग्यांची जास्त पडलीय.

तुझी असली कामं वाडीत थट्टेचा विषय होती. परसातल्या विहिरीत, आपल्या बावीत, तू माडाचं एक लांब चुडत, अख्खी झावळी, कायम सोडून ठेवायचीस, एक टोक पाण्यात आणि एक काठाला बांधलेलं. आत पडलेली खार, सरडा, उंदीर, कोणीही त्यावरून चढून वर यावं म्हणून. शेजारची काकी हसायची, “उंदरांसाठी जिना केलान बघा हिने.” तूही हसायचीस आणि चुडत कुजलं की नवं बांधायचीस. आणि बावीत तुझं कासव होतं. तुझ्या लग्नाच्या वर्षी तुझ्या वडिलांनी कळशीत घालून ते एवढ्या लांब चालत आणून दिलं होतं, लेकीच्या घरचं पाणी जिवंत राहावं म्हणून. काळंभोर, माझ्या दोन्ही हातांत कसंबसं मावेल एवढं. ते डासांची पिल्लं खायचं, पाणी निवळ ठेवायचं. कळशी खाली सोडण्याआधी तू रहाटाच्या लाकडावर दोनदा टकटक करायचीस, त्याच्या डोक्यावर ती आदळू नये म्हणून. बाबा नोकरीला मुंबईत, वर्षातून मे महिन्यात पंधरा-वीस दिवस यायचे. बाकीचं वर्ष तू, मी आणि ते कासव. तू त्याच्याशी बोलायचीस हे मला ठाऊक होतं. काय बोलायचीस ते मी कधी ऐकलं नाही.

मी सहावीत गेले त्या मे महिन्यात बाबांबरोबर मुंबईचे काका-काकू आणि त्यांची मुलगी आली. ती माझ्याच वयाची. तिच्याकडे चुंबकाने बंद होणारी कंपास पेटी होती आणि ती चपला घालून अंगणात जायची. मी चार दिवस तिच्यामागे शेपटासारखी हिंडले. तिला करवंदं दाखवली, ती म्हणाली चिकट आहेत. समुद्रावर नेलं, ती म्हणाली आमच्याकडेही आहे. माझ्याजवळ असं काहीच नव्हतं की जे तिच्याजवळ नाही. मग बाव उपसायचा दिवस आला.

तो दिवस तुला नक्की आठवत असेल. पाणी तळाला गेलेलं, वाडीतले चार बापये आत उतरलेले, बायकांच्या हातोहात गाळाची घमेली वर येतायत. तू कासवाला वर काढून तांब्याच्या घंगाळात ठेवतेस, घंगाळ फणसाखाली सावलीत, आणि मला शेजारी बसवतेस. “पाणी शिंपडत ऱ्हा. नजर काढू नको हां बाय.” दरवर्षी हे काम माझं असायचं आणि दरवर्षी मी ते नीट केलं होतं. त्या वर्षी शेजारी ती बसली होती. तिने कासवाच्या पाठीवर बोट फिरवलं आणि पहिल्यांदा तिचे डोळे चमकले. “मला दे ना गं,” ती म्हणाली, “आमच्या चाळीत कुणाकडेच नाहीये.”

मी तिला ते दिलं. तिने हिसकावून घेतलं नाही, हट्टही केला नाही. एकदा मागितलं आणि मी दिलं, आणि देताना मला किती मोठं झाल्यासारखं वाटलं ते आज लिहिताना कान गरम होतायत. त्यांची गाडी दुपारची होती. ओटीवर त्यांच्यासाठी कच्च्या हापूसची करंडी भरून ठेवलेली होती, वरून फक्त शिवायची राहिली होती. मी पेंढा बाजूला केला, चार आंबे काढून माच्याखाली सरकवले आणि त्या जागी कासव ठेवलं. वर पुन्हा पेंढा. ती म्हणाली, घरी पोचल्यावर मी लगेच काढीन. तेवढ्यात तू बावीवरून आलीस, कोपरापर्यंत गाळ, हात धुतलेस आणि दाभण-सुतळी घेऊन करंडीवर गोणपाट शिवायला बसलीस. पाहुण्यांची करंडी तू दुसऱ्या कुणाला शिवू द्यायची नाहीस. नंतर ती बाबांनी स्टँडवर नेली आणि मुंबईच्या गाडीच्या टपावर चढवली. मेमधलं ऊन, आई. टपाचा पत्रा.

तिन्हीसांजेला बावीचे झरे घोटाभर चढले तेव्हा तू कासव न्यायला आलीस. मी सांगितलं, मी पाणी आणायला गेले होते, तेवढ्यात ते घंगाळातून उतरून गेलं. घंगाळाची कड माझ्या गुडघ्यापर्यंत यायची. त्यातून ते कधी चढून जाईल हे कोणालाही पटलं नसतं, पण तू माझ्याकडे पाहिलंस आणि ते खरं धरलंस. वर स्वतःलाच दोष दिलास. “मीच करंडी शिवीत बसलंय. माझंच ध्यान नव्हतं.” दुसऱ्या दिवशी तू गडग्याचा एकेक दगड हलवून पाहिलास. तिसऱ्या दिवशी माडाच्या आळ्यांत हात घालून चाचपलंस. आणि मीही तुझ्याबरोबर शोधत होते, वाकून, हाका मारत, चांगला अभिनय करत.

हे इथेच थांबलं असतं तर मी कदाचित विसरले असते. पण बावीच्या लगत आपली दाढ होती, भाताची रोपं करायचा तुकडा. त्यावर शेण, तोडलेल्या डहाळ्यांचं कवळ, सुका पातेरा असे थर घालून ठेवलेले होते आणि दोन दिवसांत ती भाजायची होती. आग लागली की तण आणि किडे मरतात, राख मिळते, म्हणून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दाढ भाजतात. तू सगळा थर हाताने उकरून पाहिलास. कासव मिळालं नाही. मग तू सांगितलंस, दाढ भाजायची नाही. ते खाली मातीत शिरून बसलेलं असेल. बाबांचा आवाज अजून कानात आहे, “तुझ्या कासवापायी वरीसभर खायचं काय?” तू चुलीपुढे बसलेली, फुंकणी बाजूला ठेवलीस. “अवो, एक साल कमी खाव. ते जितं जळलं तर मना घास उतरायचा नाय.” मी दारात उभी होते. एका वाक्याचं काम होतं. बाबांनी एक थोबाडीत दिली असती फार तर. मी पाणी प्यायला गेले.

त्या पावसाळ्यात दाढीत तरव्यापेक्षा, भाताच्या रोपांपेक्षा, तण जास्त आलं. तू ओणवी होऊन, पाठीवर इरलं घेऊन, दिवसच्या दिवस ते उपटत राहिलीस. तुझी बोटं पाण्याने पांढरी पडून भेगाळली होती, रात्री तू त्यांना खोबरेल लावायचीस. लावणीला रोपं पुरली नाहीत, एक कोपरा तसाच राहिला. शिमग्याआधीच कणगी खडखडली आणि मग घरात नाचणीच्या भाकऱ्या चालू झाल्या. तुला भाताशिवाय जेवल्यासारखं वाटायचं नाही. मला भात असायचा. तू म्हणायचीस, मला भाकरीच आवडते. आई, मी तो भात जेवले.

मधे काकूचं पोस्टकार्ड आलं होतं. तुला आलेली सगळी पत्रं मीच वाचून दाखवायची. त्यात लिहिलं होतं, आंबे फार गोड निघाले. तुझा चेहरा फुलला, तू मला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलंस. कासवाबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. मी मनाशी ठरवून टाकलं की ते मजेत आहे, काचेच्या भांड्यात पोहतंय. पुढच्या मे महिन्यात ती मुलगी आली तेव्हा मी तिला एकटीला गाठून विचारलं. ती आंबा चोखत होती. म्हणाली, “ते? ते मेलं गं तेव्हाच.” आंबे पिकायचे म्हणून काकूने करंडी न उसवता खाटेखाली सरकवली होती, आणि आईचा मार बसेल म्हणून ही गप्प राहिली. आठवड्याने वास आला तेव्हा उघडली. काकूला वाटलं, ते आपणहूनच आत शिरलं असणार. सगळे आंबे टाकून द्यावे लागले. “तुझ्या आईला कळवू नका म्हणाली आई. तिने एवढी हौसेने शिवून दिली, तिला वाईट वाटेल.” म्हणजे तिथेही कोणीतरी तुझी काळजी करत होतं. तुझ्याशी खोटं वागून का होईना, पण चांगल्या मनाने. माझ्या खोटेपणात तेवढंसुद्धा नव्हतं.

वाडीतल्या काकीने नंतर दुसरं कासव देऊ केलं होतं. तू नको म्हणालीस. आपलं परत आलं तर जागा नको काय, म्हणालीस. आणि कितीतरी वर्षं रिकाम्या बावीवर तुझी टकटक चालूच राहिली. मी लग्न होऊन गेले, मुलांना घेऊन सुट्टीला येत राहिले, आणि सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या ती ऐकत राहिले.

अजून एक सांगायचं आहे, वर लिहिताना मी ते गाळलं. तू करंडी शिवत होतीस ना, तेव्हा मधेच तुझा हात थांबला होता. तू कान लावलास आणि मला विचारलंस, “आत कायतरी खरवडतंय काय गो?” मी म्हटलं, “पेंढा आहे तो.” तू माझ्या तोंडाकडे पाहिलंस, हसलीस आणि दाभण पुन्हा गोणपाटात खुपसलंस.

इथल्या एका शाळेने गेल्या वर्षी मला मुलांशी बोलायला बोलावलं होतं. विषय होता, मुक्या जिवांवर दया. मी तुझी न भाजलेल्या दाढीची गोष्ट सांगितली. एक बाई डोळे पुसत होत्या. नंतर मुख्याध्यापक म्हणाले, तुमच्यावरही आईचेच संस्कार दिसतात. मी हात जोडले. त्या गोष्टीत मी एवढंच म्हटलं होतं की कासव हरवलं. पुढच्या सोमवारी आणखी एका शाळेत बोलावलंय आणि मी हो म्हणून बसलेय. म्हणून हे लिहायला घेतलं, एकदा कागदावर उतरलं तर तिथे तोंडून निघेल अशा आशेने. पण आता वाचून पाहिलं, आई. हा कागद मी कोणाला दाखवणार नाही. आणि सोमवारी मी पुन्हा हरवलं असंच म्हणेन.