पातेल्याची धर्ममाता

लिमा, टेकडीवरून
३ ऑगस्ट १९९१

चि. रेमिहियास, थोरल्या बहिणीचे भरघोस आशीर्वाद.

तू बसने पाठवलेलं पिवळ्या बटाट्यांचं पोतं पोचलं. खाटेखाली ढकललंय. सध्या ते कुणाला दिसायला नको.

कारण ऐक. आमच्या गल्लीचं सामाईक जेवण शिजतं ते पातेलं गळायला लागलं, म्हणून नवं घेतलं. नवं पातेलं म्हटलं की धर्ममाता आलीच. फीत बांधलेली बाटली त्यावर फोडायची नि टाळ्या घ्यायच्या. मला वाटलं, विचारायला माझ्याच दारी येतील. गेले सेनोबियाकडे! जिचा भात सुरीने कापावा लागतो, त्या सेनोबियाकडे. वर मला म्हणते कशी, एउदोसियाताई, तुम्ही अगदी समोर बसा हं, खुर्ची ठेवते. खुर्ची! मी काय मयताला येणारे?

पहिल्या जेवणासाठी पोरं शिट्ट्या फुंकत दारोदार शिधा मागतायत. आपली नात नीदिया सगळ्यांच्या पुढे. माझ्या दारी आली तेव्हा दोन कांदे दिले. माझी पत्रं तीच लिहून देते, नि हे लिहिताना नाक मुरडतेय. मुरड म्हणावं.

मी जळत नाहीये, हे तिच्याकडून ठळक लिहून घेतलंय.

लोभ आहेच, तो बटाट्यांसकट वाढावा.
एउदोसिया

वांकायो
११ ऑगस्ट

ती. ताईस, धाकटीचा वाकून नमस्कार.

तू जळत नाहीयेस हे वाचून बरं वाटलं. पाकीट उघडताना बोटं तेवढी पोळली. गावच्या देवळातल्या नव्या घंटेची धर्ममाता दुसरीच झाली, तेव्हाही तू जळली नव्हतीस. नुसतं देवळात जायचं सोडलं होतंस.

पण ताई, पोतं पोरांच्या पोटासाठी पाठवलं, तुझ्या खाटेसाठी नाही. सेनोबियाला देऊ नकोस, नीदियाला दे. दोन कांदे म्हणे! आई असती तर तुलाच पातेल्यात घातलं असतं.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
रेमिहिया

लिमा
२५ ऑगस्ट

चि. रेमिहियास, आशीर्वाद. या वेळी जरा मोजूनच.

अख्ख्या टेकडीने शेवयाच दिल्या गं! जो तो म्हणाला, बटाटे दुसरं कुणी देईल. शेवयांचा ढीग, आणि बटाटा एक नाही. सेनोबिया बाटली हातात धरून रडकुंडीला आलेली. मला गंमत वाटायला हवी होती. पण पोरं डबे घेऊन रांगेत उभी होती, आणि नीदिया नुसती माझ्याकडे बघत होती. उठले नि पोतं ओढत आणलं. अर्थात, सगळ्यांना दिसेल अशा बाजूच्या पायऱ्यांवरून.

काय तो रस्सा झाला! पोरांनी डबे चाटून काढले. सेनोबियाने विचारलं, असे पिठाळ बटाटे आले कुठून? मी शाल सावरून तोंड उघडणार, तोच ही नीदिया (लिही, लिही, आता कशाला थांबतेस?) बोंबलली की रेमिहियाआजीच्या शेतातून. झालं! टाळ्या तुला. वरच्या गल्लीतही ऑक्टोबरात पातेलं घेतायत, त्याची धर्ममाताही तूच. कुणी सुचवलं असेल? सेनोबियाने.

तुला घाटातला प्रवास झेपायचा नाही. गुडघे सांभाळ. नाही म्हणून कळव. तुझ्या जागी मी उभी राहते. बहिणीसाठी एवढं करायलाच हवं.

प्रकृतीला जप, निदान ऑक्टोबरपर्यंत.
एउदोसिया

वांकायो
२ सप्टेंबर

ती. ताईस नमस्कार.

गुडघे ठणठणीत आहेत. निळा घागरा शिवायला टाकलाय. बसथांब्यावर नीदियाला पाठव. तूही येणार असशील, तर तो रुसका चेहरा तेवढा घरी ठेवून ये.

तुझीच धाकटी, आणि वरच्या गल्लीच्या पातेल्याची धर्ममाता,
रेमिहिया